हंगाम आला की मोडणारी साफसफाई : बिनवापराचा कोड शोधणे आणि काढणे

लक्षण साधारणपणे असे दिसते. एप्रिल-मे महिन्यात कापसाची आवक थांबते, जिनिंगमधील काटा शांत होतो, आणि त्या मोकळ्या दिवसांत खरेदीच्या सॉफ्टवेअरमधून कोणी तरी बिनवापराचा वाटणारा कोड काढून टाकते. पाच-सहा महिने सर्व सुरळीत चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुहूर्ताची खरेदी होते, आणि पहिल्याच आठवड्यात ओलाव्याची वजावट लागत नाही किंवा चुकाऱ्यांची, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायच्या रकमांची, यादी बँकेला हव्या त्या नमुन्यात निघत नाही. फाटकाबाहेर गाड्यांची रांग असते, म्हणून जुना कोड घाईने जसाच्या तसा परत आणला जातो आणि जे खरोखर निरुपयोगी होते तेही त्याच्यासोबत परत येते. पुढच्या उन्हाळ्यात त्या फाइलला हात लावायला कोणी धजत नाही. दोन-तीन हंगामांनी वजावट मोजणारी चार फंक्शने तयार झालेली असतात, त्यांपैकी कोणते चालते हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि दर बदलायचा झाला की चारही ठिकाणी बदल करावा लागतो.

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावांत जिनिंग, अडत्ये आणि धान्य खरेदीदार यांच्यासाठी जी लहान सॉफ्टवेअरे चालतात, त्यांच्या देखभालीत हा दोष मी वारंवार पाहिला आहे. पुढील उदाहरणे पायथनमधील जँगो ही वेब-चौकट, पोस्टग्रेस डेटाबेस आणि मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हातातील अँड्रॉइड ॲप अशा मांडणीची आहेत, परंतु कारण आणि उपाय इतर भाषांनाही लागू पडतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की "हा कोड कोणी वापरते का" हा प्रश्न अपुरा आहे. तो "वर्षातून केव्हा, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या अडचणीच्या वेळी वापरते" असा विचारला नाही, तर कोणतेही साधन चुकीचेच उत्तर देणार.

कोड ठेवून देण्यात काय बिघडते

आधी हे मान्य करायला हवे की "राहू द्या, कधी तरी लागेल" हा मार्ग सुरक्षित नाही. हंगाम संपल्यावर आणखी एखादी वेचणी मिळेल या आशेने पाणी देऊन पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उभी ठेवली, म्हणजे फरदड घेतली, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या पेरणीपर्यंत आसरा मिळतो, आणि 2017 च्या हंगामात या अळीने विदर्भातील कास्तकाराचे काय केले ते येथे कोणाला सांगावे लागत नाही. ठेवून दिलेला कोडही असाच पुढच्या हंगामातील दोषांना आसरा देतो.

याचे सर्वांत महाग उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील आहे. नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने 2003 मध्ये वापरणे थांबवलेला एक व्यवहार-कोड सर्व्हरवर तसाच ठेवला होता. 2012 मध्ये नव्या सुविधेसाठी त्याच कोडचा जुना फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरण्यात आला, आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोहोचलाच नाही. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर जुना कोड जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत संस्थेला 46 कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. आपले व्यवहार इतके मोठे नसतात, पण मांडणी तीच असते. पावतीच्या टेबलमध्ये 'फ' ही खूण एके काळी पणन महासंघाच्या खरेदीसाठी होती, ती खरेदी बंद झाली, आणि आता कोणी 'फ' ही खूण फरदडीच्या प्रतीसाठी वापरू पाहत असेल, तर जुन्या खुणेवर चालणारा कोड कोठे उरला आहे हे आधी शोधले पाहिजे. त्याहून बरे म्हणजे नवी खूण घ्यावी. एकदा अर्थ दिलेली खूण दुसऱ्या अर्थाने वापरू नये, हा नियम मी अपवादाशिवाय पाळावा असे म्हणेन.

साधने कोठपर्यंत नेतात

पायथनमधील बिनवापराचा कोड शोधण्यासाठी व्हल्चर हे साधन चांगले आहे आणि सुरुवात त्यानेच करावी. ते कोड न चालवता वाचते आणि प्रत्येक संशयित जागेसमोर खात्रीची टक्केवारी लिहिते. कधीच न पोहोचता येणाऱ्या ओळीला ते 100 टक्के देते, न वापरलेल्या इम्पोर्टला 90, आणि फंक्शन, क्लास, मेथड यांना केवळ 60. हे 60 गांभीर्याने घ्यावे. 90 आणि त्यावरील गोष्टी एका बैठकीत वाचून काढून टाकता येतात. 60 ची यादी मात्र चौकशीची यादी आहे, ती काढून टाकण्याची यादी नव्हे. हंगामात मोडणारी बहुतेक साफसफाई या दोहोंतील फरक न पाळल्यामुळे मोडते.

जँगोमध्ये ही यादी विशेष फसवी असते. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पान किंवा पावती छापण्याच्या साच्यात, पावतीच्या नावापुढे टिंब देऊन मागवलेले निव्वळ वजन प्रत्यक्षात पायथनमधील एक मेथड असते, पण टेम्प्लेट ही पायथनची फाइल नसल्यामुळे व्हल्चरला तो वापर दिसत नाही. सिग्नलला, म्हणजे एखादी घटना घडली की आपोआप मिळणाऱ्या सूचनेला, जोडलेली फंक्शने आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी, चालणाऱ्या व्यवस्थापन-आज्ञा यांचेही तसेच आहे. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे पिकाच्या नावावरून फंक्शनचे नाव जुळवून त्याला हाक मारणे. डेटाबेसमधून 'तूर' हा शब्द आला, त्याला 'वजावट' जोडले आणि गेटॲट्रने (नावावरून फंक्शन शोधून देणारी पायथनची सोय) तूर-वजावट हे फंक्शन मागवले, तर ते पूर्ण नाव कोडमध्ये व्याख्येखेरीज कोठेही लिहिलेले नसते. ग्रेप करून, म्हणजे सर्व फाइलींत ते नाव शोधून, काही सापडत नाही, म्हणून ते काढले जाते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची पहिली गाडी आल्यावर ते आठवते. असा कोड आढळला तर काढण्याचा विचार करण्यापूर्वी त्या जागी साधा कोश (डिक्शनरी) लिहावा, ज्यात प्रत्येक पिकासमोर त्याचे फंक्शन स्पष्ट नावाने येईल. मग साधनालाही ते दिसते आणि नव्या माणसालाही दिसते.

इतर भाषांत स्थिती थोडी वेगळी आहे. गोचा कंपायलर न वापरलेला इम्पोर्ट आणि न वापरलेला स्थानिक चल स्वीकारतच नाही, आणि त्याच्या अधिकृत संचातील डेडकोड हे साधन मेन फंक्शनपासून निघून कोठपर्यंत पोहोचता येते ते तपासते. टाइपस्क्रिप्टसाठी क्निप हे न वापरलेल्या फाइली, एक्स्पोर्ट आणि पॅकेजे एकत्र दाखवते. अँड्रॉइडमध्ये आर8 ॲप बांधतानाच नको तो कोड गाळते, पण रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू असताना नावावरून, बोलावलेले क्लास टिकवायचे असतील तर तसा नियम लिहून द्यावा लागतो. तरीही यांपैकी कोणतेही साधन प्रत्येक ओळीबाबत पूर्ण खात्री देऊ शकत नाही, आणि ही साधनांची अपूर्णता नव्हे. चालणाऱ्या प्रोग्रामच्या वागणुकीविषयी असे सार्वत्रिक उत्तर देणारी रीत असूच शकत नाही, हे 1953 पासून गणिताने सिद्ध आहे.

आणखी एक जागा सहज निसटते. एखादे फंक्शन प्रत्यक्ष कामात कोणी वापरत नाही, पण त्याची टेस्ट शिल्लक आहे, तर साधनाला ते वापरातले दिसते. म्हणून व्हल्चर एकदा टेस्टच्या फोल्डरसह आणि एकदा त्याशिवाय चालवावे आणि दोन याद्यांतील फरक पाहावा. त्या फरकात बहुधा चांगला मासला सापडतो.

वर्षभराची नोंद

60 टक्क्यांच्या यादीसाठी उपाय एकच आहे. संशयित फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक नोंद ठेवावी, जी ते फंक्शन चालले की त्याचे नाव, वेळ आणि यंत्राचे नाव लिहून ठेवील. नोंद कोणत्या तारखेला आणि का लावली हेही तेथेच लिहावे. मग वाट पाहावी. किती काळ, हाच खरा प्रश्न आहे.

एक महिन्याची शांतता येथे काहीच सिद्ध करत नाही. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये येते, कापूस ऑक्टोबरपासून साधारण एप्रिलपर्यंत, तूर जानेवारी-फेब्रुवारीत आणि हरभरा मार्चमध्ये. 31 मार्चला वर्षअखेरीचा साठा मोजला जातो, आणि जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र डिसेंबरअखेर भरायचे असते. म्हणून एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंत पूर्ण फेरी झाल्याशिवाय निकाल देऊ नये. पिकाशी किंवा कराशी ज्याचा संबंध नाही, उदाहरणार्थ एखादा जुना लॉगिनचा पडदा, त्याला दोन-तीन महिने पुरतात.

ही नोंद साध्या लॉग फाइलमध्ये ठेवू नये. डेबियन आणि उबुंटूवर जुन्या लॉग फाइली आवरणाऱ्या लॉगरोटेटची मूळ मांडणी दर आठवड्याला नवी फाइल उघडते आणि चारच जुन्या फाइली ठेवते. म्हणजे नोव्हेंबरात फंक्शन चालल्याचा पुरावा जानेवारी उजाडेपर्यंत पुसला गेलेला असतो, आणि जूनमध्ये लॉग चाळणाऱ्याला कोरी पाटी दिसते. त्याऐवजी डेटाबेसमध्ये एक लहान टेबल करावे, ज्यात प्रत्येक फंक्शनसाठी एकच ओळ असेल आणि तिच्यात शेवटची वेळ व एकूण वेळा एवढेच बदलत राहील.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. नेटवर्क भरवशाचे नसल्यामुळे अनेक खरेदी केंद्रांवर सॉफ्टवेअर तेथील संगणकावरच चालते आणि रात्री केव्हा तरी मुख्य सर्व्हरशी जुळते. नोंदीचे टेबलही त्या जुळणीत आले पाहिजे, नाही तर मुख्य सर्व्हरवरील शून्य हे केवळ तालुक्याच्या गावाचे शून्य ठरते. ग्रेडरच्या मोबाइलमधील ॲपचेही तसेच आहे. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा पांढरकवड्याच्या आतल्या गावांत ॲपची फाइल एका मोबाइलवरून दुसऱ्यावर हस्तांतरित होते आणि दोन वर्षे जुनी आवृत्ती निर्धास्तपणे चालू असते. ती आवृत्ती सर्व्हरवरील ज्या जुन्या पत्त्याला हाक मारते, तो पत्ता आपल्या नव्या ॲपच्या कोडमध्ये कोठेही नसतो. म्हणून सर्व्हरवरचा पत्ता काढण्यापूर्वी एनजिनेक्स या वेब-सर्व्हरच्या प्रवेश-नोंदीत तो मार्ग शोधावा, आणि ॲपने प्रत्येक विनंतीसोबत आपली आवृत्ती पाठवावी अशी व्यवस्था आजच करावी.

डेटाबेसमधील शून्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी

टेबल आणि इंडेक्स (टेबलमधील ओळ लवकर शोधून देणारी सूची) किती वेळा वाचले गेले याची मोजणी पोस्टग्रेस स्वतः ठेवते, आणि 16 व्या आवृत्तीपासून शेवटचे वाचन केव्हा झाले तेही सांगते. ही सोय फार उपयोगाची आहे, पण तिचे तीन सापळे आहेत. सर्व्हर नीट बंद न होता पडला, तर पुन्हा सुरू होताना ही मोजणी शून्यावर येते. ज्या गावात दुपारी लाइन जाते आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असते, तेथे "या इंडेक्सला कोणी वापरत नाही" याचा अर्थ "परवा लाइन गेल्यापासून वापरले नाही" एवढाच असू शकतो. म्हणून दर रविवारी ही मोजणी वेगळ्या टेबलमध्ये उतरवून ठेवावी. दुसरा सापळा उलट दिशेचा आहे. रात्रीचा बॅकअप प्रत्येक टेबल संपूर्ण वाचतो, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणीही न उघडलेले टेबलही रोज वापरातले दिसते. तिसरा असा की एकमेवतेची अट सांभाळणाऱ्या इंडेक्सचे वाचन शून्य असले तरी तो दुबार काटापट्टी अडवण्याचे काम करत असतो. तो काढला तर एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्या निघू शकतात, आणि ते चुकाऱ्याच्या दिवशी उघडकीस येते.

जे चालत नाही, पण ठेवायचे आहे

वर्षभर नोंद न झालेल्या प्रत्येक फंक्शनला बिनवापराचे म्हणता येत नाही. काट्याची केबल तुटली तर वजन हाताने भरण्याचा पडदा, बॅकअपवरून पुनर्स्थापना करणारी आज्ञा, अर्धवट राहिलेली जुळणी पुन्हा सुरू करणारा कोड, हे सर्व चांगल्या वर्षी एकदाही चालत नाहीत, आणि तसेच असावे. त्यांच्यासाठी टेस्ट लिहावी आणि हंगामापूर्वी एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावे.

कराचा कोडही तपासून पाहावा. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, म्हणून व्हॅटचे हिशेब करणारा कोड आता मोकळेपणाने काढता येतो असे वाटते, आणि नवे हिशेब करण्यापुरते ते खरेही आहे. पण जुन्या व्यवहाराची पावती पुन्हा छापताना आकडे साठवलेल्या रकमेतून येतात की त्या वेळी नव्याने मोजले जातात, हे पाहिले पाहिजे. नव्याने मोजले जात असतील तर प्रथम जुन्या पावत्या पीडीएफमध्ये कायम कराव्या, मग कोड काढावा. जीएसटीखालील हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. त्यामुळे कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावर 15 नोव्हेंबर 2017 पासून लागू झालेला उलट कर-आकारणीचा (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याचा) कोड, पुढे नियम बदलला तरी, इतका काळ वाचता येण्याजोगा राहिला पाहिजे.

येथे साधने संपतात आणि मुनीमजींना विचारावे लागते. विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. "हा रिपोर्ट तुम्ही वापरता का" असे विचारले की भिडेपोटी "असू द्या भाऊ, लागतो कधी कधी" असेच उत्तर येते. "मागच्या हंगामात काटा बंद पडला होता तेव्हा पट्टी कशी काढली", "सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळाकडे) 8 टक्क्यांवर ओलावा निघाला की कपात कोठे पाहता", असे प्रसंग धरून विचारले म्हणजे खरे काम समोर येते. कित्येकदा असे दिसते की सॉफ्टवेअरमधील रिपोर्ट कोणी उघडतच नाही, कारण मुनीमजींनी तो हिशेब केव्हाच एक्सेलमध्ये नेलेला असतो. असा रिपोर्ट काढून टाकण्याइतकेच, तो का सोडून दिला गेला हे जाणून घेणे आवश्यक असते.

काढण्याचा क्रम

काढण्याचे काम मे-जूनमध्ये करावे आणि पोळ्यानंतर त्या विषयाला हात लावू नये. एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलात, एकच विषय काढावा, आणि त्याच कमिटमध्ये वागणूक बदलणारी दुसरी कोणतीही दुरुस्ती करू नये. प्रथम हाक मारणारी जागा, नंतर फंक्शन, मग केवळ त्याच्यासाठी असलेली टेस्ट, टेम्प्लेट आणि सेटिंग, मग कोणालाच न लागणारे पॅकेज, आणि सर्वांत शेवटी डेटाबेसमधील कॉलम किंवा टेबल, असा क्रम ठेवावा. टेबल थेट पाडू नये. आधी त्याचे नाव बदलावे, एक हंगाम जाऊ द्यावा, वेगळा बॅकअप घ्यावा आणि मग पाडावे. जँगोमध्ये मॉडेल काढल्यावर आपोआप तयार होणारे मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल, टेबल पाडण्याचीच आज्ञा देते, म्हणून ती फाइल वाचल्याशिवाय चालवू नये. तसेच फाइल कोठे साठवायची हे ठरवणारे जुने फंक्शन मॉडेलमधून गेले तरी जुन्या मायग्रेशनमध्ये त्याचे नाव असते. ते काढल्यास चालू संगणकावरही मायग्रेशनची आज्ञा इम्पोर्टवरच अडखळते आणि नव्या केंद्राचा संगणक बसवता येत नाही.

कोडसमोर टिप्पणीची खूण लावून तो निष्क्रिय करणे म्हणजे काढणे नव्हे. गिटमध्ये इतिहास सुरक्षित असतो, आणि लॉगच्या आज्ञेला मोठ्या एसचा पर्याय देऊन फंक्शनचे नाव लिहिले की ते केव्हा आले आणि केव्हा गेले ते लगेच सापडते. मात्र त्यासाठी कमिटच्या संदेशात पुरावा लिहिलेला हवा. नोंद कोणत्या तारखेला लावली, कोणकोणत्या केंद्रांची माहिती जुळली, कोणाला विचारले, हे दोन-तीन वाक्यांत यावे.

एवढे करूनही हंगामात काही मोडलेच, तर जुनी फाइल परत चिकटवू नये. ते एकच कमिट रिव्हर्ट करावे, म्हणजे उलटवावे, ज्या प्रसंगी मोडले त्याची टेस्ट लिहावी, आणि ते फंक्शन चौकशीच्या यादीतून वगळून "ठेवायचे" अशा फाइलीत कारणासह नोंदवावे.

पुन्हा साचू नये म्हणून

हंगामापुरता नियम लिहितानाच त्याच्या नावात हंगाम यावा, जसे 2024-25 ची वजावट, आणि त्याच्यासोबत अशी टेस्ट लिहावी जी 1 जूननंतर मुद्दाम अपयशी ठरेल व हा नियम ठेवायचा की काढायचा हे विचारील. तारीख जूनची निवडावी, कारण हंगामाच्या ऐन भरात अडणारी टेस्ट कोणी तरी बंद करून टाकते. व्हल्चरलाही प्रत्येक बदलासोबत चालवावे, पण जुन्या सर्व तक्रारी एका सूट-यादीत घालून, म्हणजे नवी भर पडली तरच ते अडवील. त्या सूट-यादीतील प्रत्येक ओळीसमोर कारण लिहिलेले असावे, आणि जूनमध्ये यादी वाचताना ज्या ओळीचे कारण कोणालाच सांगता येत नाही, त्या फंक्शनमध्ये सप्टेंबर उजाडण्यापूर्वी नोंद लावून टाकावी.